सर्वजातीय वसतिगृहे आणि विद्यार्थ्यांमधील कलहनिवारण : सातारा-सांगली परिसराचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

अकरा ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांची आपापसांतील भांडणे हा शिक्षणशास्त्राने मानसशास्त्राकडे आणि शाळेने वर्गशिक्षकाच्या छडीकडे सोपविलेला विषय आहे. इतिहासलेखनाने त्याची दखल क्वचितच घेतली. वास्तविक, बरोबरीच्या मुलाशी झालेला तंटा मिटवावा कसा हे मूल ज्या ठिकाणी शिकते, त्या ठिकाणालाही इतिहास असतो. खेड्यातील मूल ते कोठे शिकत होते, कोणाकडून शिकत होते आणि मुळात कोणाशी भांडण्याची त्याला मुभा होती, हे प्रश्न सामाजिक इतिहासाचेच आहेत. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात त्यांचा विचार करू लागल्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनी उभारलेल्या सर्वजातीय वसतिगृहांपाशी थांबावे लागते.

या वसतिगृहांविषयी विपुल लेखन झाले आहे; परंतु ते बहुतांशी शिक्षणप्रसार, स्वावलंबन आणि अस्पृश्यतानिवारण या तीन अंगांनी झाले आहे. एका छपराखाली राहणारी बारा-तेरा वर्षांची मुले भांडत कशावरून असतील आणि मिटवीत कशी असतील, या अंगाने पाहिले असता या प्रयोगाचे एक निराळे वैशिष्ट्य लक्षात येते. या वसतिगृहांनी मुलांचे भांडण थांबविले असे म्हणता येणार नाही. त्यांनी भांडणाचे कारण बदलले. जन्मावरून होणारे भांडण पाळीवरून होऊ लागले. आणि पाळीवरून होणारे भांडण मुलांना स्वतःला मिटविता येण्याजोगे होते.

भौगोलिक मर्यादेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. आज ज्याला सांगली जिल्हा म्हटले जाते, त्यातील वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके ब्रिटिश काळात सातारा जिल्ह्यातच होते, तर सांगली, मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाबाबत लिहिताना हे दोन जिल्हे एकच प्रदेश म्हणून विचारात घेणे सोयीचे आणि न्याय्यही ठरते.

गावातील मुलाचे भांडण

कृष्णाकाठच्या गावात विसाव्या शतकाच्या आरंभी तंटे मिटविण्याच्या व्यवस्था होत्या आणि त्या मुलांच्या डोळ्यांसमोर चालत होत्या. बांधाचा तंटा भावकीत जाई, भावकीत मिटला नाही तर गावकीपुढे येई, सोयरिकीचा वा जेवणावळीचा तंटा जातपंचायतीपुढे जाई. या प्रत्येक ठिकाणी निवाडा करणारे पंच ठरलेले होते आणि शिक्षाही ठरलेली होती. दंड, माफी, गावजेवण आणि सर्वांत शेवटी वाळीत टाकणे. पोरांच्या भांडणात मोठ्यांनी पडू नये असे म्हणण्याची पद्धत असली तरी प्रत्यक्षात मोठे पडतच असत, कारण मारणारा मुलगा कोणाचा आणि मार खाणारा कोणाचा यावरच भांडणाचे मोल ठरत असे.

याहून महत्त्वाची बाब अशी की, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलाला इतर मुलांशी भांडणच करता येत नव्हते. शाळेत तो वर्गाबाहेर, पडवीत वा झाडाखाली बसे. पाटी दुरून तपासली जाई, पाणी दुरून ओतले जाई. अशा मुलाने पाटलाच्या मुलाला धक्का दिला तर ते दोन मुलांचे भांडण राहत नसे. तो गुन्हा होत असे आणि त्याची भरपाई त्याच्या आईबापांना करावी लागत असे. भांडणालाही एक किमान बरोबरी लागते. ज्यांना एका तरटावर बसता येत नाही, त्यांच्यात अपमान होऊ शकतो, अत्याचार होऊ शकतो. तंटा आणि तडजोड होऊ शकत नाही. सार्वजनिक शाळा, पाणवठे व धर्मशाळा सर्वांना खुल्या कराव्यात असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला खरा. पण खेड्यातील तरट त्यामुळे लगेच लांब झाले नाही. महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला, ही गोष्ट या संदर्भात पुरेशी बोलकी आहे.

कोल्हापूरचा आराखडा आणि १९०८ चा प्रसंग

खेड्यातील मुलाला शिक्षणासाठी शहरात राहावयाचे तर प्रश्न निवाऱ्याचा आणि भाकरीचा होता. राजर्षी शाहू महाराजांनी तो ओळखला. सर्व जातींसाठी एकत्र वसतिगृहाचा प्रयत्न कोल्हापुरात १८९६ च्या सुमारास करून पाहण्यात आला होता. मात्र त्याचा लाभ प्रत्यक्षात एकाच वर्गाच्या वाट्याला आला. त्यानंतर महाराजांनी मार्ग बदलला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले आणि पुढील दोन दशकांत मुस्लिम, लिंगायत, पांचाळ, नामदेव शिंपी अशा विविध समाजांची वसतिगृहे उभी राहिली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणण्याचा प्रघात पडला तो यामुळेच. जातवार वसतिगृहांच्या या आराखड्यामागे व्यवहारज्ञान होते. प्रत्येक समाजाला आपल्या संस्थेविषयी आपुलकी वाटावी, देणग्या मिळाव्यात आणि स्वयंपाकघराचा तंटाच उद्भवू नये, असा तो हिशेब होता. तंटा टाळण्याचा तो उत्तम उपाय होता. तंटा मिटविण्याची विद्या मात्र तेथे शिकता येण्याजोगी नव्हती, कारण पंगतीत परका कोणी नव्हताच.

याचा प्रत्यय १९०८ मधील एका प्रसंगाने येतो. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येच्या नावाने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग कोल्हापुरात सुरू झाले. या समारंभाला जैन बोर्डिंगमध्ये राहणारा आणि राजाराम हायस्कूलमध्ये शिकणारा ऐतवडे बुद्रुकच्या पाटील घराण्यातील एक विद्यार्थी गेला होता. बोर्डिंगचे प्रमुख होते अण्णासाहेब लठ्ठे. परत आल्यावर स्नान करूनच आत यावे, असा दंडक त्याला सांगण्यात आला. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जन्मलेले भाऊराव पाटील ते हेच. त्या वेळी त्यांचे वय एकवीस वर्षांच्या आसपास होते, म्हणजे ते वर्गातील इतर मुलांपेक्षा पुष्कळ थोराड होते.

चरित्रग्रंथांतून हा प्रसंग भाऊरावांच्या बाणेदारपणाचा पुरावा म्हणून येतो आणि तो तसा आहेच. परंतु येथे लक्ष द्यावयाचे ते बोर्डिंगने योजलेल्या उपायाकडे. विद्यार्थी आणि संस्था यांच्यात मतभेद झाला, त्यावर संस्थेजवळ एकच तोडगा होता, तो म्हणजे मुलाला बाहेर काढणे. लठ्ठे हे स्वतः उच्चविद्याविभूषित, ब्राह्मणेतर चळवळीतील अग्रणी आणि पुढे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले गृहस्थ होते. अशा सुधारकाच्या हाती असलेल्या संस्थेजवळही वाळीत टाकण्यापलीकडे दुसरे साधन नव्हते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. गावाच्या पंचांची शिक्षा शहरातील बोर्डिंगपर्यंत चालत आली होती.

या प्रसंगाला एक जोड आहे. १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासण्याचे प्रकरण घडले आणि त्यात लठ्ठे यांना गुंतविणारी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. त्यांनी खोटी साक्ष देण्यास नकार दिला आणि त्यापायी तुरुंगवास व छळ सोसला. ज्यांच्यामुळे बोर्डिंग सोडावे लागले त्यांच्यासाठीच ही किंमत मोजली गेली. भांडण आणि वैर यांतील फरक पुढे ज्यांच्या वसतिगृहांत मुलांना उमगावयाचा होता, त्या गृहस्थांनी तो स्वतः आधीच आचरणात आणला होता.

दुधगाव ते सातारा

आजच्या सांगली जिल्ह्यातील दुधगाव येथे १९०९-१० मध्ये भाऊराव पाटील, नाना येडेकर, भाऊ दादा कुदळे आदींनी शिक्षण मंडळ स्थापन करून विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. घरोघरच्या मूठमूठ धान्यावर, म्हणजे मुष्टिफंडावर, ते चालले. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे हा येथील संकल्प होता. गावाचे धान्य आणि गावाचीच मुले असल्यामुळे गावाची नजर या वसतिगृहावर सतत असे. शहरातील बोर्डिंगमध्ये जे घडले ते चार भिंतींच्या आत राही. दुधगावात कोण कोणाशेजारी जेवला हे संध्याकाळपर्यंत चावडीवर पोहोचणे स्वाभाविक होते. असे असूनही हा प्रयोग खेड्यात आधी झाला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नंतर झाला, याचे महत्त्व शिक्षणाच्या इतिहासकारांनी पुरेसे ओळखलेले दिसत नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या सुमारास, कराड तालुक्यातील काले येथे सत्यशोधक विचारांच्या मंडळींच्या मेळाव्यात रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेच्या उद्देशांत मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची आवड उत्पन्न करणे, गरीब मुलांची राहण्याजेवण्याची सोय करणे, काटकसर व स्वावलंबन शिकविणे या गोष्टी होत्या. त्यांच्या जोडीला निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांमध्ये प्रेमभाव निर्माण करणे आणि एकीचे महत्त्व कृतीने पटवून देणे हेही उद्देश होते. यातील ‘कृतीने’ हा शब्द फार मोलाचा आहे. त्या काळी एकीवर व्याख्याने देणाऱ्या सभा महाराष्ट्रात उदंड होत होत्या. शाळकरी मुलाला एकी कोणत्या कृतीतून समजेल, याचे उत्तर मात्र त्या सभांजवळ नव्हते.

काले, नेर्ले येथील वसतिगृहांनंतर १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र सातारा येथे आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. आपल्याला साबरमतीला जे जमले नाही ते येथे साधले आहे, अशा आशयाचे उद्गार गांधीजींनी या प्रसंगी काढल्याचे संस्थेच्या परंपरेत आवर्जून सांगितले जाते. जातवार वसतिगृहांच्या प्रवर्तकाचे नाव सर्वजातीय वसतिगृहाला दिले जावे, यात विरोधाभास शोधण्याचे कारण नाही. भाऊराव शाहू महाराजांना गुरुस्थानी मानत होते. गुरूचा आराखडा त्यांनी बदलला आणि त्याला गुरूचेच नाव दिले.

भाकरी, पाणी आणि पाळी

शाहू बोर्डिंगमध्ये नोकरचाकर ठेवण्याची ऐपत नव्हती. असती तरी ते ठेवले गेले असते असे वाटत नाही, कारण श्रम हा शिक्षणाचा भाग मानला गेला होता. स्वयंपाक, पाणी भरणे, झाडलोट, भांडी, सरपण, शेतीचे काम, खडकाळ जमीन फोडणे, ही सर्व कामे मुले करीत. ही कामे जातीनुसार वाटली गेली असती तर बोर्डिंग हे गावाचीच लहान प्रतिकृती झाले असते. झाडू एकाच्या हाती कायमचा राहिला असता आणि घागर दुसऱ्याच्या. येथे कामे पाळीने होत. सर्वजातीय वसतिगृहाचे मर्म सहभोजनात आहे असे सामान्यतः मानले जाते. सहभोजन ही त्यातील ठळक दिसणारी गोष्ट होय. परंतु अधिक खोल परिणाम करणारी गोष्ट पाळी ही होती.

याचे कारण मुलांच्या वयात आहे. बारा वर्षांच्या मुलाला समतेचे तत्त्व सांगून कळेलच असे नाही. पण काल मी पाणी भरले, आज तुझी पाळी आहे, हा हिशेब त्याला अचूक कळतो. त्यातील अन्याय त्याला क्षणात दिसतो आणि त्यावर तो हमरीतुमरीवर येतो. भाकरी जाड थापली, घागर अर्धीच आणली, आजाराचे निमित्त करून शेतावर जाणे टाळले, अशा कारणांवरून होणारा तंटा हा समान हक्क गृहीत धरूनच होतो. मराठ्याच्या मुलाने मांगाच्या मुलाला ‘आज तुझी पाळी आहे’ असे दरडावले आणि त्याने ‘काल तू चुकवलीस’ असे उलट सुनावले, तर या दोन वाक्यांच्या दरम्यान गावगाड्याचा सबंध कायदा गळून पडलेला असतो. असा तंटा मिटविण्यास पंच लागत नाही, भावकी लागत नाही, धर्मशास्त्र तर मुळीच लागत नाही. कोणी किती घागरी आणल्या हे पाहणारी चार मुले पुरेशी असतात.

अर्थात मुलांवर सर्व सोपवून मोठी माणसे दूर झाली होती असे नव्हे. ‘अण्णा’ या नावाने ओळखले जाणारे भाऊराव कडक शिस्तीचे होते आणि त्यांचा धाक मोठा होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांच्या ‘वहिनी’ होत्या. कर्मठ जैन घरातून आलेल्या या बाईंना प्रारंभी सोवळेओवळे सोडणे सोपे गेले नाही. परंतु पुढे बोर्डिंगमधील धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही त्यांनी मोडले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाईंच्या त्यागाची कथा वारंवार सांगितली जाते. तिच्यातील एक दुवा मात्र सुटतो. मुलांच्या देखत एका प्रौढ व्यक्तीने आपला संस्कार बदलला होता. वहिनींना जे सोडता आले ते आपल्यालाही सोडता येईल, हे सवर्ण मुलांना कोणत्याही उपदेशाखेरीज दिसत होते. कलहनिवारणाच्या शिक्षणात प्रौढांचे काम निवाडा देण्याचे असते असे समजले जाते. वहिनींनी निवाडा दिला नाही. त्यांनी ज्या घरात निवाड्याची गरज कमी पडेल असे घर चालविले.

याच धर्तीवर, पुणे कराराचे स्मरण म्हणून, पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. १९४० मध्ये सातारा येथे महाराजा सयाजीराव हायस्कूल हे मोफत व निवासी स्वरूपाचे विद्यालय सुरू झाले आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेजची स्थापना झाली. ‘कमवा व शिका’ या नावाने पुढे सर्वत्र परिचित झालेल्या योजनेचे मूळ या परिसरात आहे. ९ मे १९५९ रोजी कर्मवीरांचे निधन झाले, तेव्हा संस्थेची ३८ वसतिगृहे आणि १०८ माध्यमिक शाळा होत्या.

याच कालखंडात, १९४३ ते १९४६ या वर्षांत, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने सातारा जिल्ह्यातील गावोगाव लोकन्यायमंडळे चालविली आणि इंग्रजी कोर्टकचेरीची पायरी न चढता शेकडो तंटे गावातच मिटविले. वसतिगृहे आणि प्रतिसरकार यांच्यात कार्यकारणाचा थेट संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा. एवढे मात्र खरे की, दोन्ही गोष्टी सत्यशोधक चळवळीने नांगरलेल्या एकाच जमिनीत उगवल्या.

बाहेरच्या जगातील समकालीन प्रयोग

मुलांना स्वतःचे तंटे स्वतः मिटवू द्यावेत, हा विचार त्याच सुमारास युरोपातही मूळ धरीत होता. पोलंडमधील डॉक्टर व शिक्षणतज्ज्ञ यानुश कोर्चाक यांनी वॉर्सा येथील ज्यू अनाथालयात, ते १९१२ मध्ये सुरू झाल्यानंतर, मुलांचे न्यायालय स्थापन केले. न्यायाधीश मुलेच असत आणि खुद्द कोर्चाक यांच्यावरही तेथे फिर्याद होऊ शकत असे. या न्यायालयाच्या संहितेतील पहिली ९९ कलमे क्षमेची होती. शिक्षेची कलमे त्यानंतर सुरू होत आणि १००० या क्रमांकाचे अखेरचे कलम संस्थेतून काढून टाकण्याचे होते. कोल्हापूरच्या बोर्डिंगने जे पहिल्याच पावलाला केले, ते कोर्चाक यांनी हजाराव्या क्रमांकावर ठेवले होते. इंग्लंडमध्ये ए. एस. नील यांच्या समरहिल शाळेत मुले व शिक्षक यांची सभा एकेक मताने निर्णय घेत असे. या प्रयोगांशी तुलना करता साताऱ्यातील व्यवस्था कमी लिखित आणि कमी औपचारिक होती. तिचा भर निवाड्यापेक्षा कामाच्या वाटणीवर होता.

स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुलांच्या नैतिक निर्णयांविषयीच्या ग्रंथात गोट्यांच्या खेळाचा अभ्यास केला आहे. लहान मुलाला खेळाचे नियम मोठ्यांनी घालून दिलेले आणि न बदलणारे वाटतात; दहा-अकरा वर्षांनंतर नियम हा खेळणाऱ्यांच्या संमतीने झालेला करार आहे आणि सर्वांना मान्य असल्यास तो बदलता येतो, ही जाणीव येते. पियाजे यांच्या मते ही जाणीव मोठ्यांच्या धाकातून येत नाही, ती बरोबरीच्यांच्या व्यवहारातून येते. पाळीचा तक्ता हा गोट्यांच्या नियमासारखाच असतो. जातीचा नियम मात्र बदलण्याची सोय त्या नियमातच नसते. मूल नेमके ज्या वयात करार समजू लागते, त्या वयात गाव त्याला न बदलणारा नियम शिकवीत होते आणि बोर्डिंग त्याला बदलता येणारा नियम शिकवीत होते.

अमेरिकेत १९५४ मध्ये मुझफर शेरीफ यांनी ओक्लाहोमा राज्यातील एका शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांवर केलेला प्रयोग मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून सर्वज्ञात आहे. दोन गटांत स्पर्धा लावताच वैमनस्य पेटले, निशाणे जाळली गेली. त्यानंतर मुलांना एकत्र जेवायला बसविले तेव्हा सलोखा होण्याऐवजी अन्नाची फेकाफेक झाली. पाण्याचा पुरवठा बंद पडला, मालमोटार बंद पडली आणि दोन्ही गटांना मिळून दोर लावून ती ओढावी लागली, तेव्हा तेढ ओसरली. केवळ एकत्र बसविल्याने काही होत नाही, एकत्र काम लागते, असा या प्रयोगाचा अर्थ लावला जातो. भाऊरावांना हे तीन दशके आधीच व्यवहारात उमगले होते, असे विधान करण्याचा मोह येथे होतो; परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. एक म्हणजे जीना पेरी यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दाखविल्याप्रमाणे, शिबिरातील वैमनस्य पेटविण्यात संशोधकांचाच हात मोठा होता आणि १९५३ मधील आधीच्या प्रयत्नात मुले भांडायला तयारच झाली नव्हती. दुसरे असे की, ती मुले एकाच वर्णाची, एकाच थरातील होती. त्यांच्यातील भेद आठवड्याभरापूर्वी तयार झाला होता. साताऱ्यातील मुलांमधील भेद शेकडो वर्षांचा होता आणि सुट्टीत घरी गेल्यावर तो दारात उभा असे. त्यामुळे ओक्लाहोमातील यशापेक्षा साताऱ्यातील यश अधिक अवघड होते आणि त्याचा टिकाऊपणाही अधिक अनिश्चित होता.

मर्यादा आणि नंतरचा काळ

या प्रयोगाच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. हा इतिहास मुख्यतः मुलग्यांचा आहे. मुलींच्या वसतिगृहांचे प्रयत्न झाले; पण ते उशिरा आणि लहान प्रमाणावर झाले. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचे त्या काळात लग्न ठरत असे. बरोबरीच्या मैत्रिणीशी भांडून ते मिटविण्याची संधी तिला सासरच्या जावा-नणंदांमध्येच मिळणार होती आणि तेथे बरोबरी नव्हती. दुसरी मर्यादा प्रौढांच्या धाकाची. ज्या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी एक विलक्षण दरारा असलेली व्यक्ती असते, ती व्यक्ती गेल्यावर व्यवस्थेचे काय होते, हा प्रश्न सर्वच ध्येयवादी संस्थांप्रमाणे येथेही उपस्थित झाला.

तिसरी बाब अधिक व्यापक आहे. रयतची सर्वजातीय वसतिगृहे चालू राहिली. परंतु स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात वसतिगृहांचा जो मोठा विस्तार झाला तो प्रामुख्याने प्रवर्गनिहाय झाला. समाजकल्याण विभागाची वसतिगृहे, आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे व आश्रमशाळा आणि अलीकडच्या काळात इतर समाजघटकांसाठी झालेल्या स्वतंत्र योजना यांनी लक्षावधी गरीब मुलांना निवारा दिला, हे निर्विवाद आहे. या वसतिगृहांशिवाय त्यांतील बहुसंख्य मुले शाळेबाहेर राहिली असती. तरीही इतिहासाच्या दृष्टीने नोंद करावयाची ती अशी की, कोल्हापूरचा १९०१ चा आराखडा शासनाने मोठ्या प्रमाणावर राबविला आणि दुधगावचा १९०९ चा आराखडा एका संस्थेपुरता राहिला. न्याय्य वाटणीसाठी स्वतंत्र वसतिगृहे लागतात आणि बरोबरीने भांडायला शिकण्यासाठी एकत्र वसतिगृहे लागतात. या दोन गरजांमध्ये ताण आहे. तो कोणाच्याही गौरवगाथेने सुटणारा नाही.

तंटे मिटविण्याच्या कामाला याच परिसरातून पुढे पुन्हा चालना मिळाली. सांगली जिल्ह्यातील अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राज्यभर सुरू झाली. पाटील हे स्वतः सांगलीच्या शांतिनिकेतनमध्ये ‘कमवा व शिका’ योजनेतून शिकलेले होते, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे. मोहिमेचा रोख मात्र प्रौढांच्या दिवाणी, महसुली, फौजदारी तंट्यांवर होता. शाळेतील तंटे शाळेतच राहिले आणि शाळेजवळची जुनी हत्यारे याच सुमारास काढून घेतली गेली. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध केला आणि कलम १६ ने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्यास मनाई केली. दोन्ही तरतुदी योग्यच आहेत. गावाच्या पंचांपासून कोल्हापूरच्या बोर्डिंगपर्यंत चालत आलेला वाळीत टाकण्याचा उपाय कायद्याने प्रथमच बंद झाला. छडी आणि दाखला ही दोन साधने गेल्यानंतर सातवी-आठवीच्या वर्गशिक्षकाच्या हाती काय उरते, याचा विचार शिक्षक-प्रशिक्षणात फारसा झालेला नाही. बालसभा, मीना-राजू मंच यांसारखे उपक्रम आहेत. परंतु बालसभेत मुले भाषणे करतात, तंटे क्वचितच मांडतात.

सहभोजन आणि पाळी यांतील फरक आजच्या शाळेत विशेष स्पष्ट दिसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शालेय पोषण आहारात शिजविलेले अन्न मिळू लागले आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून रोज दुपारी सर्व जातींची मुले एका पंगतीत बसू लागली. दुधगावात ज्यासाठी गावाचा रोष पत्करावा लागला असेल ते आता शासकीय वेळापत्रकाचा भाग आहे. हे यश लहान नव्हे. मात्र खिचडी शिजविणे, वाढणे, पातेली घासणे ही कामे मानधनावरील स्वयंपाकी-मदतनीस करतात. मुलांकडून कोणतेही काम करवून घेण्यास पालकांचा विरोध असतो आणि तो निराधार नाही. शाळेतील झाडलोट आणि स्वच्छतागृहाची सफाई ठरावीक जातींच्या मुलांवरच लादली गेल्याच्या तक्रारी देशाच्या अनेक भागांतून आलेल्या आहेत. काम मुलांकडून घेणे आणि काम पाळीने घेणे या दोन गोष्टींमधील अंतर शाहू बोर्डिंगने ओळखले होते. आज शाळेच्या भिंतीवर परिपाठाचे, मंत्रिमंडळाचे आणि पोषण आहाराच्या पाककृतीचे असे तीन तक्ते हमखास आढळतात. वर्ग कोणी झाडावयाचा, पाण्याच्या टाकीकडे कोणी पाहावयाचे, फळा कोणी पुसावयाचा, याचा सर्व मुलांची नावे असलेला आणि शिक्षकाचेही नाव ज्यात आहे असा तक्ता मात्र क्वचित एखाद्या शाळेत दिसतो. आणि जेथे तो असतो, तेथे त्याच्याखाली पेन्सिलीने केलेली खाडाखोडही असते.